झुंबाराची आरोळी

बिबट्याच्या अंगावरचा ठिपका भरीव नसतो. काळी तुटक कडा असते आणि आत अंगापेक्षा किंचित गडद पिवळा रंग. भरीव ठिपके चित्त्याचे. माझे वडील, अप्पा, जे कातडं नेसायचे त्यावरचे ठिपके भरीव होते, त्यामुळे उमापूर ज्याला इतकी वर्षं बिबट्याचं कातडं म्हणत आलं, ते फार तर चित्त्याचं ठरलं असतं. पण तेही नव्हतं. वीतभर अंतरावर तेच ठिपके त्याच क्रमानं परत येत होते. ठसा मारून छापलेलं मांजरपाट होतं ते.

हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. नव्वद सालची जत्रा तोंडावर आली होती आणि कातड्याची शिवण उसवली होती. अप्पा ते कमरेला गुंडाळून दुकानामागच्या खोलीत उभे होते आणि मी खाली बसून टाके घालत होते. तेव्हा लक्षात आलं, की उजव्या जांघेवरचे ठिपके एकमेकांपासून जितके लांब आहेत, त्याहून डाव्या जांघेवरचे जास्त लांब आहेत. ठसा तोच, कापड तेच. म्हणजे डावीकडे कापड ताणलं गेलं होतं. म्हणजे कापडाखाली काहीतरी होतं.

“अप्पा, जरा खोका बरं.”

“कावून?”

“खोका तर.”

अप्पा खोकले. ठिपके आणखी लांब गेले आणि परत जागेवर आले.

“गॅस हाय तो,” अप्पा म्हणाले.

गॅस नव्हता, अंतर्गळ होता. जांघेपाशी पोटाच्या भिंतीत एक कच्ची जागा असते. जोर केला की तिथून आतडं बाहेर डोकावतं. आडवं झालं की बहुधा आत जातं. एखाद्या दिवशी जात नाही, आणि मग माणसाच्या हातात फार वेळ उरत नाही. एवढं मला बी.एस्सी.च्या पुस्तकांमुळे माहीत होतं. अप्पांना त्याहून कमी माहीत होतं आणि जास्त माहीत करून घ्यायचं नव्हतं.

कारण अप्पा झुंबारा होते.

अप्पांचं नाव मल्लिकार्जुन. उमापुरात आमचं किराणा दुकान आहे. तरुणपणी अप्पा कुस्त्या करायचे. बासष्ट साली औरंगाबादच्या एका फडात मुंबईच्या निर्मात्यानं त्यांची छाती बघितली आणि त्यांना सोबत घेऊन गेला. अप्पांनी एकच सिनेमा केला, ‘झुंबारा’. विमान जंगलात पडतं, आतलं बाळ तेवढं वाचतं, त्याला हत्ती वाढवतात, ते मोठं होऊन सिंहाला लोळवतं आणि शेवटी एका प्रोफेसराच्या मुलीशी लग्न करतं. बीडच्या टॉकीजला तो आठवडाभर चालला. उमापुरातून बैलगाड्या भरून लोक गेले. त्यानंतर तो सिनेमा कुणाला दिसला नाही आणि निर्माताही दिसला नाही. अप्पा ते कातडं घेऊन परत आले आणि साखर तोलायला बसले.

गावानं मात्र झुंबाराला सुट्टी दिली नाही. सिनेमात तो झाडावर चढून एक आरोळी मारतो. ओ... हो हो... ओ... अशी, मध्ये एकदा वर चढून मोडणारी. जत्रेच्या दिवशी सकाळी कुस्त्यांचा फड असतो. तिथं अप्पांनी कातडं नेसून चौथऱ्यावर उभं राहायचं, शड्डू ठोकायचा आणि ती आरोळी मारायची. आरोळी झाल्याशिवाय पहिली जोडी आत उतरत नाही. एका वर्षी अप्पांना कावीळ झाली होती, तेव्हा जत्रा कमिटीच्या विजयसिंह आबांनी शिट्टी वाजवून फड सुरू केला. पहिल्याच कुस्तीत एकाचा खांदा निखळला. तो शिट्टीमुळे निखळला, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

आणि आरोळी म्हणजे जोर. पोट आत ओढून, मान वर करून, सगळी हवा एका दमात बाहेर. डाव्या जांघेतल्या त्या कच्च्या जागेवर यापेक्षा वाईट दुसरं काही करता आलं नसतं.

मी अप्पांना बीडला सर्जनकडे नेलं. डॉक्टर राधाकिशन शांत माणूस होते. त्यांनी अप्पांना उभं केलं, खोकायला लावलं, आडवं केलं, पुन्हा खोकायला लावलं.

“सोपं ऑपरेशन आहे. आज नाव नोंदवा,” ते म्हणाले.

“आन आरोळी?”

“कसली आरोळी?”

मी समजावून सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. “ऑपरेशननंतर आरोळी नाही. आणि ऑपरेशन करणार नसाल तर अजिबातच नाही.”

“जत्रा झाली की बघू,” अप्पा म्हणाले.

जत्रा झाली. मग ऊन फार होतं. मग श्रावण लागला, मग दसरा-दिवाळीचं गिऱ्हाईक आलं, मग थंडीत टाके दुखतात असं कुणीतरी अप्पांना सांगितलं, मग पुन्हा जत्रा तोंडावर आली. असंच पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्याही. मी गेवराईला शाळेत विज्ञान शिकवायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी यायची. दर शनिवारी विचारायची, “अप्पा, ठरलं का?” आणि अप्पा म्हणायचे, “ठरल्यातच जमा हाय.”

घरात अंतर्गळ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. गॅसच म्हणायचे. त्याचा परिणाम असा झाला, की गावानं अप्पांच्या गॅसवर इलाज सुरू केले. कुणी ओवा आणून देई, कुणी हिंगाचं पाणी. आबांनी धर्मापुरीच्या एका वैद्याचं चूर्ण मागवलं. अप्पा सगळं मुकाट्यानं घ्यायचे आणि कमरेला बांधलेला अंतर्गळाचा पट्टा वरून धोतरानं झाकायचे. त्यांचं पोट त्या काळात तालुक्यात सगळ्यात साफ असावं.

पंच्याण्णव साली पुन्हा बीडला गेलो. या वेळी आडवं झाल्यावरही ते सहज आत गेलं नाही. डॉक्टरांनी बराच वेळ हातानं दाबून ते आत बसवलं आणि मग अप्पांशी न बोलता माझ्याशी बोलले. “आता ते कोणत्याही जोराला अडकेल. अडकलं तर उमापूरहून इथं पोचेपर्यंत आतडं काळं पडलेलं असेल. एक आरोळी पुरे आहे.”

येताना एसटीत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. गेवराई मागं पडल्यावर म्हणाले, “जत्रा झाली की बघू.”

जत्रा आठवड्यावर होती.

त्याच वर्षी सिदूनं उमापुरात केबल आणली होती. सिदू पूर्वी सायकलींचे पंक्चर काढायचा. आता त्याच्या दुकानात दोन व्हिडिओ मशीन होती आणि त्याच्या काळ्या वायरी लिंबावरून, पंचायतीवरून, देवळाच्या झेंडाकाठीवरून घरोघर गेल्या होत्या. दिल्ली, मुंबई, परदेश असं सगळं दिसत होतं, पण सिदूला काहीतरी गावचं दाखवायचं होतं. तो हैदराबादला गेला होता मशीनच्या सामानासाठी, आणि तिथल्या जुन्या कॅसेटींच्या एका दुकानात त्याला ‘झुंबारा’ सापडला.

तो कॅसेट छातीशी धरून दुकानात आला.

“अप्पा, जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी लावतो. सगळ्या गावाला.”

अप्पांच्या हातातलं माप थांबलं. “रीळ जुनं हाय रे. तुझ्या मशीनीत अटकंल.”

“हेड साफ करून ठेवलाय अप्पा.”

“आवाज नीट नसंल.”

“लई झकास आवाज हाय. आरोळी तर अशी येतीय, काल आमचं कुत्रं खाटंखाली गेलं.”

अप्पांनी साखरेच्या जागी रवा तोलला आणि गिऱ्हाईकाला दिला. आई गल्ल्याशेजारी शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली, अप्पांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, भानगड सिंहाची असणार. अप्पांच्या सांगण्यात तो सिंह दरवर्षी थोडा मोठा होत आला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्याकडे टीव्ही होता तेही आमच्याकडे आले होते, कारण झुंबारा बघायचा तर झुंबाराच्या शेजारी बसून. अप्पा खाटेवर, पट्टा आवळून. आबा खुर्चीवर. भिवरामावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. ही आईच्या माहेरची, गोदाकाठच्या गावची म्हातारी, लेकीकडे उमापुरात राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टीव्हीकडे पाठ करून ती भिंतीला टेकून बसली होती.

सिनेमा सुरू झाला. विमान पडलं. ते दोरीवरून पडत होतं, आणि दोरी दिसत होती.

जंगल मोठं होतं. त्यात आपल्याकडचा मोर होता, अमेरिकेतलं लांब शेपटीचं माकड होतं आणि आफ्रिकेतला झेब्रा होता. झेब्रा नदी ओलांडून पलीकडे गेला तेव्हा त्याचे पट्टे बरेच कमी झाले होते. एका गंभीर प्रसंगात झुंबाराच्या मागून एक गावरान शेळी शांतपणे चालत गेली. हे प्राणी एका ठिकाणी येण्यासाठी तीन खंड जोडावे लागतील, असा हिशेब मी मनात करत होते. बाकी कुणाला त्याची अडचण नव्हती. मगर शेपटीच्या दिशेनं पोहत आली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग अप्पा दिसले. तेहतीस वर्षांपूर्वीचे. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खांदे असे, की वेलीला लोंबकळताना वेलीची काळजी वाटावी. आईनं पदर नीट केला.

“काय बॉडी व्हती राव,” आबा हळू म्हणाले.

मग सिंह आला. म्हणजे तो तिथं होताच, पडलेला. झुंबारा त्याच्यावर झेपावला. त्यानं सिंहाचा पंजा उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. पंजा घसरून खाली पडला. झुंबारानं तो पुन्हा ठेवला. मग दोघे लोळले, म्हणजे झुंबारा लोळला आणि सिंहाला त्यानं ओढून घेतलं. मध्येच सिंहानं एक लांबलचक जांभई दिली. पाठीमागून डरकाळीचा आवाज आला, पण तोपर्यंत त्याचं तोंड मिटलं होतं.

“अप्पा,” दारातून कुणीतरी विचारलं, “शेर झोपलता का?”

“बुक्की बसलती त्याला,” अप्पा म्हणाले. “तुमाला दिसली न्हाई. क्यामेऱ्याच्या पल्याडच्या बाजूनं बसली.”

हे सगळ्यांनी मान्य केलं. सिंहाचं प्रकरण एवढ्यावर मिटलं, आणि मला वाटलं आता अप्पा सैल होतील. पण ते खाटेच्या कडेवर सरकून बसले होते, उठून जायच्या बेतात.

झुंबारा झाडावर चढला. दोन्ही तळवे तोंडाशी नेले. आरोळी आली.

दरवर्षी फडाकडून ऐकू येणारीच होती, तरी वेगळी होती. फडातल्या आरोळीत कष्ट ऐकू यायचे. हिच्यात कष्ट नव्हते. ती निघाली, वर चढली, मोडली आणि लांब कुठंतरी जाऊन पोचली.

उंबऱ्यातून भिवरामावशी म्हणाली, “शांते, कुनाला हाका मारायली गं? नाव येतीया की. दम धर जरा.”

कुणाला काही कळलं नाही. आईचं नाव शांतादेवी. ती मावशीपासून हातभर अंतरावर तोंड मिटून बसली होती.

“मावशी, सिनेमातला झुंबारा हाय त्यो,” सिदू म्हणाला.

“झुंबारा का फुंबारा मला ठावं न्हाई. आवाज शांतीचा हाय. घसा बसल्यावानी वाटतोय, पन तिचाच हाय. पल्याडच्या काठावून अशी हाक मारली तिनं, की नावाडी जेवता उठायचा. दुसऱ्या कुन्या पोरीची हाक पान्यावून जायचीच न्हाई.”

खोलीतल्या सगळ्या माना आईकडे वळल्या. टीव्हीवर हत्ती धावत होते, ते कुणी बघेना. आई माझ्या माहितीत कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक आलं तर अप्पांना सांगायला ती आत चालत यायची.

“वहिनी?” आबांनी विचारलं.

अप्पा उठले आणि दुकानात निघून गेले. त्यांच्या पाठीमागं दाराचा पडदा पडला, मग मापांचा आवाज आला, गिऱ्हाईक नसताना.

“सांगून टाक बाई,” भिवरामावशी म्हणाली. तिला अजूनही नक्की काय झालं ते कळलं नव्हतं.

मग आईनं सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा ती अप्पांना परत आणायला भावासोबत मुंबईला गेली होती. सिनेमा जवळजवळ झाला होता, आरोळी तेवढी भरायची राहिली होती. अप्पांना नकली धबधब्याखाली सारखं उभं केल्यानं त्यांचा घसा पार गेला होता. आरोळी मारायला तोंड उघडलं की आतून नुसती शिट्टी यायची. निर्माता डोक्याला हात लावून बसलेला.

“आन हे त्या शूटिंगच्या आवारात कुठंबी गुडूप व्हायचे,” आई म्हणाली. “एवढी मानसं, एवढे हत्ती. जेवायला बोलवावं तर नाव घेता येईना. नवऱ्याचं नाव कसं घेनार? मग मी आपली नावेची हाक मारली. तिला काय नाव लागत न्हाई.”

ती हाक आवाज भरणाऱ्या माणसानं आत काचेमागं बसून ऐकली. त्यानं तिला माइकसमोर उभं केलं, हाक भरून घेतली आणि टेप हळू फिरवली. टेप हळू फिरली की आवाजाची कंपनं कमी होतात आणि बाईचा आवाज पुरुषी होतो. आईला त्यानं पेढ्यांचा पुडा दिला आणि कुणाला सांगू नका म्हणाला. तिनं सांगितलं नाही.

“मग जत्रंतली?” सिदूनं विचारलं.

“सिनेमा बघून आल्यावर गावानं आरोळी मागितली. म्हून यांना मी शिकवली. ज्वारीच्या रानात. आठ दिवस लागले.” आईनं दुकानाच्या दाराकडे पाहिलं. “तशी बरी जमली त्यांना.”

मी दुकानात गेले. अप्पा गुळाच्या ढेपेवरच्या माशा वारत होते.

“मला वाटलं तुम्हाला सिंहाची भीती आहे,” मी म्हणाले.

“शेराचं काय. शेर कुनाचाबी झोपतो.” त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. “आरोळी माझी न्हाई हे मला पहिल्या दिसापासून ठावं व्हतं, शिवे. म्हून तर कावीळीचं साल सोडून एकबी साल चुकवली न्हाई. एवढी वर्षं मारली, वाटलं आता झाली असंल आपली.”

“अप्पा, ती मारता मारता आतडं बाहेर आलंय.”

“मग तेवढी तरी माझी झाली का न्हाई?” ते म्हणाले. मग हळूच, गल्ल्याकडे बघत, “आरोळी गेली की मागं काय ऱ्हातं सांग. साखर तोलनारा मानूस. आसे दहा हायेत उमापुरात.”

मी माशा वारू लागले.

दिवेलागणीच्या आत गावाला सगळं कळलं होतं. आबा कमिटीची चार माणसं घेऊन दुकानात आले. पोत्यांवर बसले. सकाळी फड होता, पंचवीस कोसांवरून पैलवान आले होते आणि आरोळीचं काय करायचं ते ठरत नव्हतं. एकाचं म्हणणं, अप्पांनीच मारावी, एवढी वर्षं तिच्यावर कुस्त्या झाल्यात, म्हणजे ती पास आहे. दुसऱ्याचं म्हणणं, असली ठाऊक झाल्यावर नकलेवर कुस्ती लावणं बरं नाही.

“मी कॅसेट लावतो की फडात,” सिदू म्हणाला. “भोंगा जोडतो.”

“उद्या पैलवानबी कॅसेटीतलेच उतरवशील बे,” आबा म्हणाले. मग त्यांनी आतल्या दाराकडे तोंड केलं. “वहिनी, तुमीच मारता का? पन तसं बघा, फडात बायामानसं...”

आई दारात आली. “फडात कशाला येऊ मी? माझी हाक गोदावरीच्या पल्याड जायची. पंचायतीच्या गच्चीवून फडात जायची न्हाई का?”

कमिटीनं एकमेकांकडे पाहिलं. अंतराच्या बाबतीत शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

“आन मी काय करू?” अप्पांनी विचारलं. “टाळ्या वाजवू?”

“तुमी कातडं नेसून चौथऱ्यावर उभं ऱ्हावा. झुंबारा तुमीच हाव. शेराला काय मी लोळवलं न्हाई,” आई म्हणाली. “फकस्त हाकंच्या आधी ते एक बोलायचं. पाच साल झाले बोलायलाच तयार न्हाईत, ते. सगळ्यांम्होरं, भोंग्यावून. घरात बोललं की तुमी सकाळी इसरता. ते बोललात की मी हाक मारते. न्हाई बोललात तर मी गप, मंग आबांनी शिट्टी मारावी.”

शिट्टीचं नाव निघताच पोत्यांवर हालचाल झाली.

“काय बोलायचंय पन?” आबांनी विचारलं.

अप्पा मापं एकात एक घालत होते. “गॅसचं हाय,” ते म्हणाले.

“ते चूर्ण लागू पडलं न्हाई का?”



दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई पंचायतीच्या गच्चीवर होतो. तिथून फड पूर्ण दिसत होता. मध्ये लाल मातीचा गोल, भोवती माणसं, झाडांवरही माणसं, आणि कडेला चौथरा. पहिली जोडी अंगाला माती चोळून उभी होती. अप्पा चौथऱ्यावर चढले. कातडं, उघडी छाती, पांढऱ्या मिशा. हलगी थांबली. सिदूनं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

आई कठड्यावर हात ठेवून उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला होता.

“मंडळी,” अप्पांचा आवाज भोंग्यातून गावभर गेला. “काल सगळ्यांनी सिनेमा बघितला. सिदूनं लई मेहनत घेतली. त्याचे आभार.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई हलली नाही.

“विजयसिंह आबांचेबी आभार. कमिटीनं माती चांगली टाकलीय या साली. ऊन लई हाय, तवा ज्यांना पानी लागंल त्यांनी देवळापाशी रांजण भरून ठेवलेत तितं जावं.” त्यांनी कातडं सावरलं. “दुकानात नवा चहा आलाय. पुडीतला. ज्याला बघायचा आसंल त्यानं बघावा.”

पैलवान एकमेकांकडे बघू लागले. एकानं अंगाची माती पुन्हा चोळली.

अप्पांनी अचानक मान वर केली, डोळे मिटले आणि छाती भरून घेतली. मी कठडा घट्ट धरला. इथून चौथऱ्यापर्यंत धावत जायला जिना, रस्ता आणि एवढी सगळी माणसं होती. तोवर आरोळी संपली असती, आणि बाकी सगळंही.

“आई, मार ना हाक. आधी तू मार,” मी म्हणाले.

“न्हाई,” आई म्हणाली. “मी मारली की त्यांचं बोलायचं ऱ्हाऊन जाईल. वळखते मी त्यांना.” तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

भरलेली छाती तशीच राहिली. अप्पांचा डावा हात खाली जाऊन कातड्यावर दाबून बसला. त्यांनी डोळे उघडले आणि गर्दीच्या डोक्यांवरून पंचायतीच्या गच्चीकडे पाहिलं. एवढ्या लांबून त्यांना आईचा चेहरा दिसला असणं शक्य नव्हतं. नुसती उभी आकृती दिसली असेल, हिरव्या लुगड्यातली.

हवा हळूहळू, आवाज न होता बाहेर गेली. खांदे खाली आले. ते माइकजवळ वाकले, आणि सिदूनं तो आणखी जवळ नेला, इतका की पहिले शब्द भोंग्यात फुटले.

“मला गॅस न्हाई,” अप्पा म्हणाले. “चूर्ण दिलं, ओवा दिला, त्या सगळ्यांनी माफ करावं. मला अंतर्गळ हाय. सोमवारी बीडला जाऊन मी त्याचं ऑपरेशन करून घेनार हाय.”